वहिनीनं दिलं ते

आई, तू असतीस तर हे ऐकून ताटावरून उठली असतीस, म्हणून ऐकच. माझ्या पोरीच्या, तुझ्या नातीच्या पोटात वहिनीची शी घातली. हो, शी. आदिवासी पाड्यावरून आलेल्या तुझ्या त्याच सुनेची, जिला तू मरेपर्यंत माठाला हात लावू दिला नाहीस.

तू गेलीस तेव्हा पोरगी रांगत होती. आता शाळेत असायला हवी, पण दिवस संडासात जायचा. मोठ्या आतड्यात जखमा झाल्या, रक्त पडायचं, हातापायांच्या नुसत्या काड्या झाल्यात. इथल्या निजामपुऱ्यातल्या डॉक्टरपासून मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलपर्यंत सगळं करून झालं. तिथला डॉक्टर म्हणाला, औषधं लागू पडत नाहीत, उद्या आतडं काढायची वेळ येईल, मग पोटाला पिशवी लावावी लागेल. त्याआधी एक करून बघू, खात्री मात्र देत नाही. माणसाच्या आतड्यात कामाचे जंतू राहतात, हिचे बिघडलेत. धडधाकट माणसाची शी घ्यायची, कालवून गाळायची आणि नळीनं हिच्या आतड्यात सोडायची. तो थंडपणे म्हणाला, घरात निरोगी कोण आहे ते बघा.

घरात निरोगी! आपल्या घरात, आई! पूर्णा गावातल्या आपल्या शेतावर गोदामं उभी राहिली, भाडं यायला लागलं आणि आपण सगळे बसून खायला लागलो. दादाला शुगर. ह्यांच्या तपासणीत काविळीचं काहीतरी निघालं. मी दाढेसाठी अँटिबायोटिक खाऊन बसलेली. एकेक करत सगळे बाद झाले. सगळ्या तपासण्यांतून पार पडली ती एकटी वहिनी. घे आता! तुझं ते नामांकित रक्त एका पोरीच्या कामाला आलं नाही.

मी विचारायला गेले तेव्हा ती मागच्या दारी मासे साफ करत होती. सगळं ऐकून घेतलं आणि हसली. म्हणाली, "ताय, म्हातारी पडून व्हती तवा तिचा सगला हागना-मुतना मीच काढला. तो चालायचा. पानी घेऊन गेले का तोंड फिरवायची. आता माजा हा चालंल का तुमाला?" मला तू दिसतेस त्या खाटेवर. ओठ सुकलेत, तांब्या हाताशी आहे, वहिनी तो पुढे करते आणि तू म्हणतेस, "तुज्या हातचा पानी मना नको." दादा गोदामावरून येईपर्यंत तहानेनं ओठ चाटत पडायचीस. तुझी कीव यायला हवी होती, पण मला बरं वाटायचं. आजही वाटतं. वहिनीनं हात धुतले आणि म्हणाली, "चालंल तर घे. पोरगी माजी पन हाय."

रक्त थांबलंय. डॉक्टर म्हणतो, एवढ्यात नाचू नका, परत उलटू शकतं, पुन्हा द्यावं लागेल. वहिनी त्यालाही हो म्हणाली. पोरीला घेऊन मी कोनलाच आहे, माहेरी. पोरगी मऊ भात खाते आणि आणखी मागते. तिच्या तोंडून 'भूक लागली' ऐकलं तेव्हा मी मोरीत जाऊन ढसाढसा रडले.

हे कुठं पाठवणार, फाडूनच टाकणार आहे. वहिनीला वाचता येतं. तिनं तुझ्याबद्दलचं वाचलं तर मला काही नाही, पण पुढचं वाचू नये, ऐकलं तेवढं पुरे. काल पोरीनं विचारलं, "मम्मी, माझ्या पोटात कोणाचं घातलं गं?" वहिनी शेजारीच भाकऱ्या थापत होती. मी म्हटलं, "माझं." वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली आणि पोरीला विचारलं, "तुला एक करू का गं, बारकी?"