खोटा पेशंट

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. पुढे मागे उपयोगी पडेल, मुलाखतींमध्ये वगैरे.
'झाडू' पूर्ण! एकदा लिहिलेला कोड, डेटाबेसमधल्या वाटेल त्या टेबलाला, म्हणजे यादीला, चिकटवा. जे बरेच दिवस फिरकले नाहीत ते यादीतून साफ. गोदामाच्या मालाला चिकटवला, मस्त चालला. आता डायलिसिस सेंटरच्या पेशंटांना. साहेब म्हणाले, आधी टेस्ट लिही. लिहितो. चहा होईपर्यंतचं काम.

४ मार्च
टेस्ट झाल्या. खरं टेबल, खरा डेटाबेस, एवढं लटांबर कशाला? एक खोटा पेशंट लिहिला. पोटात काही नाही, शेवटची भेट कधी विचारलं की तारीख सांगतो. तारीख दिलीच नसेल तर आजची सांगतो. गुणी पोरगा. सगळं हिरवं, म्हणजे पास.

६ मार्च
मास्तरीण (टेस्टिंगवाली. नाव आम्हीच ठेवलंय, तिला माहीत आहे) खुर्चीमागे येऊन उभी. म्हणाली, अरे राजा, हा तुझा पेशंट तू म्हणशील त्याला मान डोलावतोय. टेस्टपुरतं खरं टेबल बांध, रिकाम्या तारखेची माणसं घाल त्यात, मग दाखव. म्हटलं, स्लो होईल. तर म्हणे, कुठली गाडी सुटतेय तुझी? सगळे हसले. जळतात.
ठराव: उद्या खरं टेबल.

७ मार्च, शुक्रवार
शुक्रवारी नवीन काही सुरू करू नये. सोमवारी.

१० मार्च, सोमवार
झाडू लाइव्ह गेला. साहेबांनी विचारलं, टेस्ट आहेत ना? हो म्हणालो. आहेतच की.

११ मार्च
बाबांचं जुनं डायलिसिस सेंटर लांब. दोन बस. परत येतात ते पिळून काढल्यासारखे. म्हटलं, जवळच्या सेंटरला नाव घालू, तिथे आमचंच सॉफ्टवेअर आहे. ताई म्हणाली, चाललंय ते चालू दे ना, तुला कशाला खाज? आई म्हणाली, एवढं म्हणतोय तर बघू. बाबा म्हणाले, तू केलंयस ना, मग काय बघायचंय.
छाती फुगली. नाव घातलं.

१४ मार्च, शुक्रवार
बाबांची नव्या जागी पहिली पाळी. हॉलमध्ये बसवून ऑफिसला गेलो. सांगितलं होतं, पुकारतील.
संध्याकाळी घरी येतो तर बाबा डायलिसिस न होताच परतलेले. पुकारलंच नाही. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, बसा काका, सिस्टीममध्ये आलं की आवाज देते. बसले. बंद होईपर्यंत बसले. विचारलं, मला फोन नाही करायचा? म्हणाले, तुझं काम आहे, चारचौघांत उगाच तक्रार कशाला.
ताई फोनवर ओरडली, आत्ताच्या आत्ता ने कुठेतरी. म्हटलं, पॅनिक होऊ नकोस. बाईंनी एंट्री चुकवली असणार. सोमवारी पहिला नंबर लावतो.

१५ मार्च
बाबांचा चेहरा भरलाय. तब्येत सुधारल्यासारखी वाटते. आईला म्हटलं तसं.

१६ मार्च, रविवार
चहा घेता घेता बाबांना श्वास लागला. ताईने गाडी काढली. आयसीयू. डॉक्टरीण म्हणाली, फुप्फुसात पाणी भरलंय, शुक्रवारी डायलिसिस झालं असतं तर... वाक्य तिने सोडून दिलं. ताईने नाही सोडलं.

१७ मार्च
मास्तरणीचा फोन. मला वाटलं झापणार. म्हणाली, ये, बसू. तात्पुरतं टेबल तिनेच बांधलं. त्यात एक माणूस घातला. नवा, शेवटची भेट रिकामी. माझा खोटा पेशंट अशा वेळी आजची तारीख सांगायचा. डेटाबेस काहीच सांगत नाही. रिकामी तारीख कुठल्याही तारखेच्या अलीकडे नसते, पलीकडेही नसते. माणूस यादीतून सरळ गळतो.
गेल्या सोमवारपासून आलेले सगळे नवे पेशंट गळाले होते. मास्तरीण काउंटरवरच्या बाईंना फोनवर एकेक नाव सांगत होती. बाई म्हणाल्या, काहीजण भांडून दुसरीकडे गेले, वाचले.
दुरुस्ती एका ओळीची. साहेबांना मेल केला: सेंटरकडून आलेल्या डेटात त्रुटी. मास्तरणीने वाचला. पर्स उचलली आणि गेली.

१९ मार्च, बुधवार
बाबा शुद्धीवर. हृदय अर्धंच चालतंय म्हणे, पूर्वीसारखं होणार नाही. ताई दाराबाहेर बाकावर. माझ्यासाठी सरकली नाही.
काय सांगायचं ते जिन्यातच ठरवलं होतं. सोप्या भाषेत, डेटाबेस म्हणजे काय इथपासून. बाबांनी मास्क बाजूला केला. विचारलं, पुकारलं का रे?
हो म्हणालो.
ते पाय खाली सोडून चपला शोधायला लागले.