रंगमंच कोणाच्या नावे

मी, गुलाब तुकाराम दोनाडकर, वय एकोणपन्नास, धंदा फोटो फ्रेमचे दुकान व धानाची शेती, राहणार कुरुड, तालुका देसाईगंज (वडसा), जिल्हा गडचिरोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. डोके ठिकाणावर आहे. हातही स्थिर आहे. लिहायला बसण्याआधी लाकडी बैलगाडीच्या बैलाला डोळा रंगवून पाहिला, तो जागच्या जागी उतरला. आजार नाही, कोणाची जबरदस्ती नाही. माझ्या पत्नीने, चंदाने, एवढेच विचारले, "हे मराचं कागद व्हय का पुढच्या सालचा बेत?" मी म्हटले, दोन्ही.

लिहिण्याचे कारण बापूजी. हौसेने खऱ्या वस्तूंचे लहान नमुने करणारे आम्ही तिघे: रेल्वेतून निवृत्त झालेले बापूजी ठेंगरी, राइस मिलमधले भैयाजी भाऊ राऊत आणि मी. खंडेनवमीला अवजारांची पूजा झाली की प्रत्येकाने पुढच्या वर्षी काय करणार ते पूजेसमोर मोठ्याने बोलायचे आणि बोललेले पुढच्या खंडेनवमीच्या आत पुरे करायचे, असा आमचा नेम. बापूजी उन्हाळ्यात गेले. त्यांनी केलेले नॅरोगेजचे इंजिन मुलांच्या तान्ह्या पोळ्याला नातवाने दोरी बांधून लाकडी नंदीमागे गावभर ओढले. नंदीला बक्षीस मिळाले. इंजिनाची चाके अजून सापडायची आहेत. बापूजी पोट धरून हसले असते. मी मात्र घरी येऊन कागद काढला, कारण माझ्याकडे एक अर्धे काम पडून आहे आणि त्याच्या गळ्यात दोरी पडू नये अशी माझी इच्छा आहे.

कलम १. राहते घर व दुकान चंदाचे. दुकानात देवांच्या तसबिरी येतात, त्यांची काच पुसल्याशिवाय गिऱ्हाइकाला देऊ नये. काच पुसणे ही माझी रोजची पूजा होती. निराळी कधी फारशी जमली नाही.

कलम २. शेत मुलगी दिव्यानीचे. ती ब्रह्मपुरीला असते, म्हणून ठेक्याने द्यावे, पण विकू नये. बांधावरचे मोहाचे झाड शेजारी आपले म्हणतो. म्हणू द्यावे. फुले वेचायला आपणही जावे.

कलम ३. बारीक करवती, चिमटे, ब्रश व रंग दिव्यानीचे. जावईबापूंनी त्या करवतीने पाइप कापू नये. त्यांनी एकदा कापला आहे. मी तेव्हा पाते बदलले, आता लिहून ठेवतो.

कलम ४. हनुमान मंदिराचा नमुना गावच्या मंदिराला द्यावा. त्याला कोणी शेंदूर फासू नये. आतली मूर्ती मला करवली नाही, हात धजेना. गाभाऱ्यात तांदळाचा एक दाणा ठेवला आहे. नमस्काराला तेवढा पुरतो.

कलम ५. बैलगाडी बापूजींच्या नातवाला. ती ओढण्यासाठीच केली आहे.

कलम ६. झाडीपट्टीच्या नाटकाचा छोटा रंगमंच, पडदे, विंगा व दिव्यांसह, भैयाजी भाऊ राऊत यांना. यामागची हकीकत लिहिणे भाग आहे, नाहीतर लोक म्हणतील, जो माणूस सहा महिने घरी आला नाही त्याला हे कशाला.

गेल्या खंडेनवमीला आम्ही दोघांनी मिळून बेत बोलला: मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचा पूर्ण मांडव करायचा. मी रंगमंच, त्यांनी समोरचा, प्रेक्षक ज्यात बसतात तो खड्डा, छोट्या माणसांसह. दिवाळीनंतरच्या मंडईत मापे घ्यायला गेलो आणि टेप दुकानात राहिला. मांडव बांधणाऱ्यांनी सांगितले, आम्ही हातानेच मोजतो, कोपरापासून बोटापर्यंत. आम्हीही तसेच मोजले. मी माझ्या हाताने रंगमंच, त्यांनी त्यांच्या हाताने खड्डा. मग एक हात म्हणजे दीड फूट धरून, एकाच प्रमाणात लहान करून, आपापल्या घरी कामाला लागलो.

मी बुटका, भैयाजी भाऊ माडासारखे उंच. माझ्या आखूड हाताने माप जास्त हात भरले, म्हणून रंगमंच खऱ्यापेक्षा रुंद झाला; त्यांच्या लांब हाताने कमी भरले, म्हणून खड्डा खऱ्यापेक्षा लहान. होळीला दोन्ही एकमेकांना लावले, तर रंगमंच दोन्ही बाजूंनी खड्ड्याच्या बाहेर. नायिका बोलणार आणि तिच्यासमोर नुसते रान. चंदा पदर तोंडाला लावून आत गेली. मी म्हटले, भाऊ, तुमचा खड्डा चुकला. ते म्हणाले, "माहा हात देवानं देल्ला हाय. तुहा आखूड हाय तं तो देवालेच विचार." खड्डा काखेत मारून ते गेले. माझा हात आखूड आहे, पण तो रंगमंच मी मनापासून केला आहे, आणि त्याच्यासमोर बसायची माणसे एकाच घरी आहेत. म्हणून तो त्यांना.

सही करण्यापूर्वीची दुरुस्ती. आज खंडेनवमी. साक्षीदार म्हणून भैयाजी भाऊंनाच बोलावणे धाडले होते. वकील नीलिमाबाई फोनवर म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे त्याने साक्षीला न बसलेले बरे, पुढे वाद होतात. मी भाऊंची वाट पाहत हाच विचार करत होतो की त्यांना रंगमंच देऊ की त्यांची सही घेऊ. ते आले ते दुपट्ट्याखाली खड्डा झाकून. अवजारांपुढे हळदकुंकू वाहिले, मग उभ्याउभ्याच हे सगळे वाचले. नीलिमाबाईंचे म्हणणे मी सांगितले.

"मंग मले नको देऊ," ते म्हणाले. "तू गेल्यावर मी थो रंगमंच घेऊन का करू? पाहनारे माह्याकडं, नाटकवाला वर गेला."

"तुमची माणसं तर बसवली असतील ना, भाऊ?"

"बसवली. पन समोर पडदाच नाई, तं सारे माह्याकडंच पाहून राह्यले. सहा महिने झाले."

चंदाने चहा आणला. आम्ही दोघांनी हात कोपरापासून एकमेकांना लावून पाहिले. तिने टेप लावला. फरक तिने वाचला आणि परत पदर तोंडाला लावला.

म्हणून कलम ६ रद्द. रंगमंच मी कोणालाही देत नाही. आज पूजेसमोर आम्ही दोघांनी बोलले आहे की या हिवाळ्यातल्या मंडईत जाऊन सर्व मापे पुन्हा घेऊ, रंगमंच व खड्डा दोन्ही मोडून एकाच छपराखाली नव्याने करू, आणि पुढच्या खंडेनवमीला नारळ फोडू. ते होईपर्यंत हे मृत्युपत्र लागू पडू नये, अशी देवाला विनंती. तो या अटीला बांधील नाही, हे मला ठाऊक आहे.

मुक्काम कुरुड, खंडेनवमी, १ ऑक्टोबर २०२५.

लिहून देणार: गुलाब तुकाराम दोनाडकर (सही)

साक्षीदार १: पवन मेश्राम, शेजारचे दुकानदार (सही)

साक्षीदार २: भैयाजी राऊत (सही). टेप या वेळी माझ्या खिशात राहील.