माझं नाव लागणारं प्रोटीन

३ जानेवारी
नव्या वर्षाचा संकल्प: रोज लिहायचं. (परवा आणि काल लिहिलं नाही, कारण संकल्पच आज सुचला.) संकल्प दुसरा: मार्चच्या आत कॅन्सरवर काहीतरी दणदणीत शोधायचं. मार्चमध्ये कमिटीपुढे प्रेझेंटेशन आहे. त्यावर नोकरीची मुदतवाढ ठरणार. नाही मिळाली तर एप्रिलपासून घरी. बायको म्हणाली, दुसरा संकल्प पहिला हवा होता. हिला सायन्स कळत नाही.

५ जानेवारी
सासूबाईंनी विणलेला स्वेटर आला. राखाडी, अस्सल लोकरीचा, ढगळ. अंगाला टोचतो. पण आमच्या लॅबच्या थंड खोलीत देवासारखा धावून आलाय. तिथे फ्रिजइतका गारवा असतो, नमुने खराब होऊ नयेत म्हणून. शास्त्रज्ञ खराब झाले तरी चालतात.

६ जानेवारी
हॉस्पिटलातून नमुने आले. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठींचे वाटाण्याएवढे तुकडे, आणि प्रत्येकाबरोबर त्याच पेशंटचा निरोगी तुकडा. काम सोपं आहे, म्हणजे मला. पेशीत काही प्रोटीन्स शिपायाचं काम करतात, ‘वाढा’, ‘थांबा’ असे निरोप पोचवतात. कॅन्सरमध्ये ‘थांबा’ हा निरोप कुणी मनावरच घेत नाही. असा बिघडलेला शिपाई पकडायचा. मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र प्रोटीनच्या तुकड्यांची वजनं करतं, वजनावरून सॉफ्टवेअर ओळखतं की हा तुकडा कोणाचा.

लॅबप्रमुख सर म्हणाले होते, दोघांनी दोन्ही प्रकारचे नमुने निम्मे-निम्मे करा. मी परस्पर वाटणी बदलली. गाठी मला, निरोगी तुकडे सहकारी बाईंना. निरोगी तुकड्यांत काय राम आहे?

९ जानेवारी
या बाईंचं नाव मी टोपीवाली ठेवलंय. कामाला बसताना टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे दोन-दोन. मला म्हणाली, स्वेटर काढा नाहीतर वरून गाऊन तरी घाला. घालून पाहिला. स्वेटरवर गाऊन बसत नाही. यात माझा काय दोष? तिला सांगितलं, आपण नमुन्याचं ऑपरेशन करत नाही आहोत. तिने स्वतःचा मास्क घट्ट केला. पटलं असावं.

१४ जानेवारी
घरात कटकट. बायको म्हणते, सोफ्यावर लोकर, उशीवर लोकर, आज चहातही लोकर. मुलगी माझ्या मांडीवर बसली की शिंकते. मी म्हटलं, तुझ्या आईनेच विणलाय. विषय बंद.

२० जानेवारी
लिहायला वेळ नव्हता. (दोन दिवस क्रिकेट होतं.)

२ फेब्रुवारी
सगळ्या गाठींवर काम झालं. एकही तुकडा शिल्लक ठेवला नाही. अर्धा-अर्धा जपून ठेवण्याचा सरांचा आग्रह होता, पण ज्याला एका फटक्यात जमतं त्याने उरवून काय करायचं?

१० फेब्रुवारी
रिझल्ट आला. काहीच नाही. सॉफ्टवेअरमध्ये एक चाळणी असते. धूळ, केस, कातडी असला बाहेरचा कचरा ती आधीच गाळते. तिने माझा जवळजवळ निम्मा डेटा गाळला! माझ्या मेहनतीला कचरा म्हणणारं हे यंत्र कोण?

११ फेब्रुवारी
चाळणी बंद केली.

११ फेब्रुवारी, दुपार
सापडलं!! एक प्रोटीन, प्रत्येक गाठीत, भरपूर. निरोगी तुकड्यांत नावालासुद्धा नाही. म्हणजे कॅन्सर तिथे हे. स्क्रीनवर नावाऐवजी नंबर दिसतो, क्लिक केलं की नाव आणि कोणत्या प्राण्याचं ते कळतं. क्लिक केलं नाही. नाव आता आपणच ठेवायचं, जुनं बघून मन कशाला खराब करा? सॉफ्टवेअरला मात्र सगळ्या प्राण्यांत शोधायला सांगितलंय. आपण कोतं काम करत नाही.

१५ फेब्रुवारी
कुणाला सांगायचं नाही. विज्ञानात चोऱ्या फार. सरांनी स्लाइड्स मागितल्या, गेल्या वर्षीच्या पाठवल्या. बायकोला मात्र सांगितलं, मुदतवाढ झाली समज. तिने घरमालकांना फोन करून आणखी दोन वर्षं राहतोय म्हणून कळवलं. फोन ठेवून स्वयंपाकघरात गुणगुणत होती. फार दिवसांनी.

१ मार्च
टोपीवाली म्हणाली, माझे आकडे बघायचे असतील तर बसू या एकत्र. जळते.

८ मार्च, सकाळ
आज! शुभशकुन म्हणून तोच स्वेटर घातलाय. बायको म्हणाली, उकडेल. घाम यशाचाच असतो, असं मी म्हणालो. तिने डोक्याला हात लावला.

८ मार्च
प्रोटीनला माझं आडनाव दिलेली स्लाइड लागली तेव्हा सर खुर्चीत सरळ झाले. मला वाटलं, अभिमानाने. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी एकच विनंती केली: त्या नंबरवर जरा क्लिक करता का?

केलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं: केराटिन. लोकरीतलं. प्राणी: मेंढी.

मॅडमनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या स्वेटरकडे. मागे कुणीतरी खोकलं. टोपीवाली हसली नाही, याचा जास्त राग आला.

९ मार्च
सरांनी बोलावलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, माणसांनी विश्वासाने दिलेले तुकडे होते, ते परत मिळायचे नाहीत. लाज वाटते, एवढंच.

१२ मार्च
मुदतवाढ नाही. बायकोला कसं सांगायचं याचे तीन बेत केले. चौथ्या वाक्याला तिनेच ओळखलं. रडली नाही. घरमालकांना पुन्हा फोन केला, मग माझ्या खांद्यावरचा लोकरीचा एक धागा उचलून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, काखेत कळसा नि गावाला वळसा.

१५ मार्च
नवे संकल्प करणार होतो. उद्या बघू.

१९ मार्च
सासूबाईंचा फोन. लेकीकडून कळलं म्हणाल्या, जावईबापूंनी टोपी घातली नाही म्हणून नोकरी गेली. धीर सोडू नका, उरलेल्या लोकरीची टोपी विणायला घेतली आहे.