सुनेचं क्रीम, सासऱ्याचा गाल

१० एप्रिल २०१८

निकिताच्या तोंडावर डाग दिसतात. दोन्ही गालांवर आणि ओठाच्या वर, तपकिरी. पाणी तापवताना चुलीची राख उडत असावी. पण सासऱ्याने सुनेला "तोंड धू" असं कसं सांगायचं? माझी बायको विमल होती तेव्हा मी विमलला सांगायचो, विमल निकिताला. या घरात माझं नि सुनेचं बोलणं असंच चालायचं. आता विमल नाही. मुलाला, नयनला, वणीला फोन केला. तो खाणीवर ड्यूटीत होता. "बाबा, ते तं तुमच्यासमोरच हाय! तुमीच सांगा ना!"

म्हणून ओसरीवर साबण नि टॉवेल ठेवला. तिने समजून घ्यावं.

१२ एप्रिल

टॉवेल तिने धुऊन, घडी घालून परत दिला. डाग तसेच.

१३ एप्रिल

शेवटी शेजारच्या सुखीबाईंना विचारलं. त्या इतक्या हसल्या की त्यांची शेळी उठून उभी राहिली. "भाऊ, राख नोहे ते! वांग व्हय. पोटुशी बाईले येते. उनानं अजून काळं होते."

सहावा महिना आहे तिला. आणि मी साबण ठेवत होतो!

संध्याकाळी महागावहून विहीणबाईंचा फोन. "घरात बाईमानूस नाही, पोरगी उनानं करपून राह्यली. सातव्याची वाट नाही पाहत मी. तीस तारखेले येतो अन् घेऊन जातो."

मी "बरं" म्हणालो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, बरं अजिबात वाटत नव्हतं. निकिता गेली की घरात मी एकटा. तिने जाऊ नये असं मला वाटतं. पण हे बोलून कोण दाखवणार? ते काम विमलचं होतं.

ऊन ही अडचण असेल तर उन्हाचा बंदोबस्त करू.

१६ एप्रिल

घाटंजीच्या मेडिकलमध्ये गेलो. "उनाचं क्रीम द्या."

"कोनासाठी पाह्यजे, काका?"

"सुनेसाठी" हा शब्द तोंडातून निघेना. "माझ्यासाठी," म्हणालो. दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. एका बाईने पदर तोंडाला लावला.

घरी येऊन ट्यूब नीट पाहिली. गेल्या हंगामात फवारणी करता करता जिल्ह्यात माणसं गेली. तेव्हापासून कुठलीही बाटली हातात आली की मी आधी रंगीत त्रिकोण शोधतो. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा. हिरवा त्यातल्या त्यात बरा. या ट्यूबवर त्रिकोणच नाही! पुढे नाही, मागे नाही, टोपणाखाली नाही. असलं बिनत्रिकोणाचं औषध पोटुश्या पोरीला कसं द्यायचं?

१७ एप्रिल

गफ्फारभाईंच्या कृषी केंद्रात गेलो. बियाण्यापासून औषधापर्यंत सगळं मी त्यांच्याकडूनच घेतो. त्यांनी चष्मा लावून ट्यूब उलटीसुलटी केली.

"रामरावजी, हे कोन्त्या अळीचं हाय?"

"सुनेचं आहे."

त्यांनी चष्मा पुसून परत लावला. मग वाचू लागले. "ऑक्सीबेन्झोन... नाव तं आपल्याच औषधासारखं हाय. पन पंपाले किती टाकाचं ते लिवलं नाही." मग नेहमीचा सल्ला दिला, "पह्यले एका तासावर, एकाच ओळीवर, मारून पाहा. जळलं नाही तं मंग पुऱ्या वावरात."

पटलं.

१८ एप्रिल

डाव्या गालाला लावलं. उजवा तसाच ठेवला, फरक कळावा म्हणून. दिवसभर वावरात होतो, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटायच्या राहिल्या होत्या.

१९ एप्रिल

डावा गाल: काही नाही.
उजवा गाल: काही नाही.

२२ एप्रिल

डावा गाल: शाबूत.
उजवा गाल: काळा पडला. म्हणजे क्रीम काम करतं!

पण सुखीबाईंनी कुंपणावरून पाहिलं. "भाऊ, अर्धेच गोरे काहून हून राह्यले?" मी गालावर हात धरून आत आलो. तिथेच चुकलं. मेडिकलची गोष्ट त्यांच्या कानावर आधीच होती.

२३ एप्रिल

रामराव दुसरं लग्न करून राह्यले, असं गावभर झालं आहे. चौकात एका गृहस्थाने अडवून आपल्या मावसबहिणीविषयी सांगितलं. विधवा आहे, भाकरी पातळ करते. "एकडाव पाहून तं घ्या!" मी सायकलवर बसलो नि निघून आलो.

घरी निकिता दारात उभी. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी आपणहून कधी बोलली नव्हती.

"मामाजी, घरात कोनी येनार हाय का?"

"नाही गं!" मी ट्यूब तिच्यापुढे धरली. "हे तुझ्यासाठी आहे. विषारी नाही ना, ते पाहत होतो."

तिने ट्यूब पाहिली, माझा डावा गाल पाहिला, उजवा पाहिला. मग खांबाला धरून खाली बसली आणि हसत सुटली. मला वाटलं कळा सुरू झाल्या. सुखीबाईंना हाक मारायला धावलो तर अजूनच हसली.

२४ एप्रिल

दवाखान्यात ट्यूब दाखवली. डॉक्टरीणबाईंनी माझ्या चाचणीची हकिकत शांतपणे ऐकून घेतली.

"काका, तुम्ही गरोदर आहात का?"

"नाही."

"मग तुमच्या गालावरून बाळाचं काय कळणार?"

नर्स बाहेर निघून गेली. बाहेरून हसण्याचा आवाज आला.

मग त्यांनी समजावलं. वांग बाळाला काही करत नाही, बाळंतपणानंतर बहुतेक फिकट होतं. पण या ट्यूबमधलं ऑक्सीबेन्झोन कातडीतून थोडंफार रक्तात उतरतं, म्हणून दिवस गेलेल्या बाईने ते टाळलेलं बरं. झिंक ऑक्साइडचं घ्यायचं, ते कातडीच्या वरच राहतं. आणि नुसत्या क्रीमवर विसंबायचं नाही. दुपारी सावलीत राहायचं, बाहेर पडताना डोकं-तोंड झाकायचं, पाणी भरपूर प्यायचं. "घरी नळ कुठे? संडास कुठे?"

दोन्ही अंगणापलीकडे. भर उन्हात.

नवं क्रीम चुन्यासारखं पांढरं आहे. चोळलं तरी पांढरंच. आधी मी लावलं, मग तिने. दोघं ओसरीवर चहा पीत बसलो. सुखीबाई ताक घेऊन आल्या, आम्हाला पाहून ताक सांडलं.

विमलने आम्हा दोघांना असं पाहायला हवं होतं.

२५ एप्रिल

सकाळपासून मोजतो आहे. निकिता दिवसातून किती वेळा अंगण ओलांडते! महागावला विहीणबाईंकडे नळ घरात, संडास घरात, दारात कडुनिंब. मी कितीही गाल रंगवला तरी कडुनिंबाची सावली काही ट्यूबमध्ये मिळत नाही. मला एकटं वाटतं म्हणून तिला उन्हात ठेवायची का?

विहीणबाईंना फोन केला. "तीसची वाट पाहू नका. लवकर येऊन घेऊन जा." त्यांना तीसच्या आधी जमत नव्हतं. निकिता आतून ऐकत होती.

रात्री भाजीत मीठ नव्हतं. मी तशीच खाल्ली.

२६ एप्रिल

आजही नव्हतं.

२७ एप्रिल

सुखीबाई कुंपणावरून भांडल्याच. "काय करून ठेवलं भाऊ! पोरगी रडून राह्यली. म्हने, मामाजीले मी जड झाली. मले हाकलून राह्यले म्हने."

मी? हाकलतो?

किती वेळ तिच्या दारासमोर उभा होतो. काय बोलायचं ते सगळं ठरलं होतं. तिने मान वर केली तेव्हा "पाणी पी," एवढंच म्हणालो आणि परत आलो.

२८ एप्रिल

गफ्फारभाईंकडून हिरवी जाळी आणली, रोपांवर घालतात ती. "कायची नर्सरी टाकून राह्यले?"

"सुनेची."

आता ते काही विचारत नाहीत. मोठा तुकडा कापून दिला. लाकडी बल्ल्या रोवून जाळी बांधली, दारापासून नळापर्यंत, तिथून संडासापर्यंत. निकिता पाहत होती. तिच्याशी बोलायच्या ऐवजी मी गाठी आवळत राहिलो. जाळी मात्र चांगली बसली.

३० एप्रिल

विहीणबाई आल्या. निकिताची पिशवी ओसरीवर तयार. मी तोंडाला क्रीम लावलेला तसाच पुढे गेलो आणि म्हणालो, "हिला नेऊ नका. सावली केली आहे. मला हिच्याशिवाय करमत नाही." निकिता पिशवी उचलून आत घेऊन गेली. विहीणबाई चप्पल काढून जाळीखाली बसल्या.

क्रीमची नोंद: डोळ्यांना पाणी आलं की आत उतरतं, फार झोंबतं. आधी कळलं नव्हतं. विमल गेल्यापासून रडलोच नव्हतो.