धुराड्याची रोजची चौकशी

धाकट्या,

तू दर वर्षी उन्हाळ्यात, वारं सुटल्यावर येतोस आणि मला ऐकवतोस, "ताई, हवा तर छान आहे, उगाच बाऊ करतेस!" एकदा थंडीत ये. ट्रकांचा, कचऱ्याचा धूर दुपारपर्यंत गावावरून हलत नाही. बाबा जन्मभर राबले तो कारखाना कधीचाच बंद पडलाय, पण त्यांना आता दिसत नाही, म्हणून रोज सकाळी मलाच विचारतात, "कारखान्याच्या धुराड्यातून धूर येतोय का?" मी "नाही" म्हटलं, की सगळ्या खिडक्या उघडतात आणि दिवसभर खोकतात. सांगून थकले रे.

काल मी वैतागून "हो" म्हणाले. असं खोटं बोलल्यावर शाळेतल्या सिस्टरांनी हातावर पट्टी मारली असती. बाबांनी खिडक्या लावल्या. आज पहाटेपासून कामाचे बूट घालून दारात बसलेत, कारखान्याच्या भोंग्याची वाट बघत. आता त्यांना खरं कुठल्या तोंडाने सांगू?

तुझी,
वैतागलेली ताई