डावी खुर्ची

सोमवार, ३ फेब्रुवारी

अडीच किलो जास्त! सिस्टरने फळ्यावर आकडा लिहिला आणि डोळे वटारले. "शनिवार-रविवारात काय अख्खी टाकी प्यायलात?" मी म्हटलं, बर्फाचे दोनच खडे चोखले. कोण विश्वास ठेवणार! डायलिसिसवाल्यांची चोरी वजनकाट्यावर लगेच पकडली जाते.

मग चार तास मशीन. डाव्या हातात दोन सुया. ताई नेहमीसारखी शेजारच्या स्टुलावर. आमच्या सकाळच्या पाळीत आम्ही चौघं — मी, बस चालवणारे ड्रायव्हरकाका, वाचनालयातल्या बाई आणि कोपऱ्यातली कॉलेजची चिमणी. चिमणी हे नाव तिच्या वजनावरून पडलं. अडतीस किलो, तेही बूट घालून.

टीव्ही सध्या चिमणीच्या ताब्यात आहे. जपानी कार्टूनची मालिका लावते, ॲनिमे म्हणायचं म्हणे. शंभर वर्षांनंतरचं जग, समुद्र शहरात शिरलेला, त्यातून राक्षस वर येतात आणि त्यांच्याशी लढायला डोंगराएवढे रोबो. रोबोच्या छातीत दोन खुर्च्या. उजवीकडे ती, डावीकडे तो. दोघांच्या हृदयाचे ठोके मिळून रोबो चालतो. आणि दोघांचं प्रेम, अर्थात!

पहिल्या दिवशी मी तोंड फिरवून झोपले होते. आता रविवारीच वाटायला लागतं, त्या पोरीचं पुढे काय झालं असेल? नियम एकच — घरी कुणी पुढचा भाग बघायचा नाही. बघितला तर फळ्यावर नावापुढे फुली.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ताईचा गुडघा फारच दुखतोय. माझ्या घराचे दोन मजले चढताना प्रत्येक पायरीला "आई गं". पूर्वी दुखण्याच्या गोळ्या चण्यासारख्या खायची. हल्ली पर्समध्ये त्यांची पट्टी दिसत नाही. विचारलं तर म्हणे, "सवय लागते गं." चाळीस वर्षांत हिला कधी सवयीची काळजी नव्हती!

गोळ्यांचा विषय निघाला की ड्रायव्हरकाका सुरू होतात. वीस वर्षं बस चालवून कंबर गेली, कंबरेसाठी रोज गोळ्या खाल्ल्या आणि त्यांनी दोन्ही मूत्रपिंडं संपवली. "भिंतीवर तो कागद लावलाय ना, 'दुखण्याच्या गोळ्या बंद', तो माझा फोटो समजा," म्हणतात. सगळे हसतात. मीही हसते. दर वेळी.

लिहायचं ते लिहीतच नाहीये मी. ताईच्या तपासण्या होऊन आज महिना झाला. सहा जानेवारीला. रक्तगट जुळतो हे आधीच माहीत होतं. उरलेल्या तपासण्यांचं तिने एक अक्षर काढलेलं नाही. आणि मी विचारत नाही. कसं विचारायचं? "ताई, मीठ दे" म्हणतात तसं "ताई, मूत्रपिंड दे" म्हणू?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

आज धीर करून प्रत्यारोपणाच्या ऑफिसात गेले. तिथल्या मॅडम गोड बोलल्या. "दात्याचे रिपोर्ट आम्ही फक्त दात्याला सांगतो. नियमच आहे. तुम्ही बहिणीशी बोला."

म्हणजे रिपोर्ट आलेत. म्हणजे तिला माहीत आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

पडदे शिवायची ऑर्डर आलीय. सहा खिडक्या, जाड कापड. डाव्या हाताने ओझं उचलायचं नाही, म्हणून ताई येऊन तागा टेबलावर ठेवून गेली. माझा स्वयंपाक करून गेली, माझ्यासाठी मीठ न घालता. स्वतःही तेच अळणी जेवली. मोठी सोबत करणारी! मला सोबत नको आहे. मला जगायचं आहे.

हे लिहिलं आणि लाज वाटली. पण खोडणार नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

आजचा भाग! मशीनवर पडल्या पडल्या माझं ब्लडप्रेशर चढलं. सिस्टर येऊन दोनदा बघून गेली.

झालं असं — रोबो बिघडतो, म्हणून मेकॅनिक म्हातारा छाती उघडून बघतो. डाव्या खुर्चीतून एकही ठोका येत नाहीये. पहिल्या लढाईतच त्या मुलाचं हृदय करपलं होतं. कसंबसं त्याच्यापुरतं चालतं, द्यायला काही उरलेलंच नाही. इतके दिवस सगळा रोबो ती एकटी ओढत होती! आणि तो? पट्टे बांधून रोज शेजारी बसायचा, डोळे मिटायचा, "मी आहे" म्हणायचा. बस्स!

भाग संपला. मग एकदम सगळे बोलायला लागले. ड्रायव्हरकाका म्हणाले, "फसवणूक आहे ही सरळसरळ! बंद पडलेल्या गाडीत प्रवासी बसवल्यासारखं!" वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "अहो, ती एकटी चढली असती का त्या रोबोत? तो होता म्हणून चढली." चिमणीने मोबाइलवर लोकांची मतं वाचून दाखवली. निम्मं जग त्याला शिव्या देतंय, निम्मं रडतंय. एकाने लिहिलंय, ही प्रेमकथा नाहीच, हा गुन्हा आहे. एकीने लिहिलंय, आजवर पडद्यावर इतकं प्रेम पाहिलं नव्हतं.

चिमणीने वजनांच्या शेजारी फळ्यावर दोन रकाने आखले. 'सांगायला हवं होतं' आणि 'गप्प राहिला ते बरं'. मी पहिल्यात. काका पहिल्यात. बाई आणि चिमणी दुसऱ्यात. सिस्टर म्हणाली मला यात ओढू नका आणि मग हळूच पहिल्यात नाव लिहून गेली.

"ताई, तुम्ही?" चिमणीने विचारलं.

ताई विणकाम खाली ठेवून टीव्हीकडे बघत होती. तो कधीच बंद झाला होता. म्हणाली, "गप्प राहिला ते बरं."

"का पण?"

"सांगितलं असतं तर त्या दिवशी ती चढलीच नसती. आणि राक्षस काय थांबणार होता?"

बुधवार, १२ फेब्रुवारी

दोन दिवस डोक्यात तेच. नुसतं शेजारी बसणाऱ्याची बाजू घेतली तिने. द्यायचं काही नाही, बसायचं फक्त. हे तिचं उत्तर आहे का? तोंडाने सांगायची हिंमत नाही म्हणून कार्टूनच्या आडून?

आज गुडघा जास्तच दुखत होता तिचा. भिंतीला धरून चालत होती. माझ्या मनात आलं ते लिहितेच — लंगडणाऱ्या बाईला ऑपरेशन करून घे असं कोण म्हणणार! सोयीचं दुखणं आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

पायात गोळे. शेवटचा अर्धा तास ओरडले. ताईने पोटऱ्या चोळल्या.

सोमवार, १७ फेब्रुवारी

आज जे केलं ते करायला नको होतं. केलं.

मालिकेत ती त्या मुलाला जाब विचारते. तो खाली मान घालून उभा. वाचनालयातल्या बाई डोळे पुसायला लागल्या, "बिचारा, किती एकटा पडला असेल हो सगळं मनात ठेवून!" आणि ताई म्हणाली, "हो ना."

माझं टाळकंच सरकलं. "बिचारा? तो बिचारा? जीव तिचा चाललाय! रोज थोडा थोडा! आणि हा शेजारी बसून प्रेम दाखवतोय! नसेल द्यायचं तर तसं तोंडावर सांगावं माणसाने. महिना महिना मूग गिळून बसू नये. स्टुलावर बसून विणकाम करू नये!"

चिमणीने टीव्ही बंद केला. कुणाला काही कळायचं राहिलं नव्हतं. ताईला रडू येईल असं वाटलं होतं. खरं सांगायचं तर यावं असं वाटत होतं. तिने फक्त माझ्या मशीनकडे बघितलं आणि म्हणाली, "हात वाकवू नकोस छोटे, मशीन ओरडतंय."

घरी येताना रिक्षात दोघी दोन कोपऱ्यांत. माझ्या दारापर्यंत आली, पाण्याची बाटली खूण करून भरून ठेवली — दिवसाचं एक लिटर — आणि गेली.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

गेल्या वर्षीचं आठवतंय. दादा द्यायला तयार होता, त्याच्या रिपोर्टमध्ये साखर निघाली, नकार आला. तेव्हा मी मशीनला जायचं सोडलं होतं. कशासाठी जायचं? बारा दिवस. फुप्फुसात पाणी भरलं. ताईने दार फोडून उचलून नेलं. शुद्धीवर आले तेव्हा ती म्हणाली होती, "परत असं केलंस तर मी काय करू, ते तरी सांगून ठेव."

उद्या ती येणार नाही. कोण येईल एवढं ऐकून घेतल्यावर? आणि ती आली नाही तर मीही जाणार नाही. ठरलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आली. सव्वासहाला. माझी चप्पल दाराशी सरळ करून उभी राहिली. गेले.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

हॉस्पिटलची लिफ्ट बंद. दोन मजले चढायला ताईला वीस मिनिटं लागली. मी पुढे गेले. थांबले नाही. वर फळ्याकडे बघितलं — पहिल्या रकान्यात आता पाच नावं, दुसऱ्यात चार. दुपारच्या पाळीतल्या लोकांनीही मतं दिलीत. वॉर्डात कुणी कुणाशी धड बोलत नाहीये. ड्रायव्हरकाका चिमणीला म्हणाले, "पोरी, तुझी ती मालिका म्हणजे निवडणूक झालीय." पण पुढचा भाग लाव म्हणून घाईही त्यांनाच.

शेवटचा भाग सोमवारी.

सोमवार, २४ फेब्रुवारी

शेवटचा भाग अजून बघितलेला नाही.

लिफ्ट आजही बंद. ताई वर आली ती घामाने भिजून, चेहरा पांढरा. साफसफाईच्या मावशींना राहवलं नाही. "थांबा, माझ्याकडे दुखण्याची गोळी आहे, भारी आहे, घ्या." ताई धापा टाकत होती, पटकन बोलून गेली, "नको, मला बंद केल्यात डॉक्टरांनी."

ड्रायव्हरकाकांनी मान वळवली. "बंद? त्या तर आम्हाला बंद असतात. तुम्हाला कुणी बंद केल्या?"

ताई घाम पुसत राहिली. माझ्याकडे बघायचं टाळत होती. दोन सुया टोचलेल्या, मला उठता येईना. मी विचारलं, "कधीपासून?"

"सहा जानेवारी." मग फार हळू, "एकच आहे गं मला. जन्मापासूनच एक. सोनोग्राफीत दिसलं. आहे तेच जपा म्हणाले. तुला सांगितलं असतं तर तू पुन्हा दार लावून बसली असतीस. माझ्यावर रागावून का होईना, येत तरी होतीस."

सात आठवडे! अळणी जेवण. न खाल्लेल्या गोळ्या. सोयीचं दुखणं म्हटलं होतं मी.

चिमणी हातात रिमोट घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, आज नको, बुधवारी बघू. आणि फळ्यावरचं माझं नाव पुस. दुसऱ्या रकान्यातही लिहू नकोस. मला अजून ठरवता येत नाहीये.

आता संध्याकाळचे सात. बाटलीत ताईच्या खुणेखाली अजून पाव लिटर आहे. पुरवून पिणार आहे. बुधवारी सव्वासहाला ती येईल, तेव्हा मी खाली फाटकाशी उभी असेन. तिला वर चढायला लावणार नाही.