हरिदास खोटं लिहितात

बूढापारा, रायपूर
२ मार्च २०२५

चि. अपर्णास मामाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फुकटचा ब्लॉग महिनाअखेर बंद होणार म्हणून तू हैदराबादेत बसून माझं अकरा वर्षांचं बिऱ्हाड आपल्या स्वतःच्या सर्व्हरवर हलवलंस. इथल्या अरुंद रुळांच्या छोट्या रेल्वेवरचे सगळे लेख पोहोचले. नवा पासवर्ड पाठ होत नाही, या वयात कंटाळा येतो. जेवणाचं विचारशील तर डबा येतो, थंड होतो, मग केव्हातरी खातो.

लेखांखालच्या काही प्रतिक्रिया दिसत नाहीत. शोधशील का?

तुझा थकलेला मामा,
हरिदास

हैदराबाद
३ मार्च

ती. मामास अपर्णाचा सविनय जयभीम.

वाचकांच्या प्रतिक्रिया सगळ्या आणल्या. फक्त तुमच्याच नावावरच्या दोनशे चौदा गाळल्या. मामा, स्वतःच्याच लेखाखाली स्वतःलाच खोटं पाडणारा लेखक मी दुसरा पाहिला नाही! तुम्ही नीटनेटकं कर म्हणालात, मी पडत्या फळाची आज्ञा मानली. जुना ब्लॉगही पुसून टाकला.

डबा आला की लगेच जेवत जा.

तुमची भाची,
अपर्णा

रायपूर
३ मार्च

चि. अपर्णा, जयभीम.

त्या मी लिहिलेल्या नव्हत्या. तुझ्या मामीनं कॉम्प्युटरला कधी बोट लावलं नाही. लेख झाला की मी तिला वाचून दाखवायचो, ती चुका काढायची, आणि ती बोलेल तसं मी खाली टाइप करायचो. लॉगिन माझंच, म्हणून नाव माझं. अभनपूरला गाडी चुकली त्या लेखाखाली तिचं होतं, "खोटं. गाडी नव्हती चुकली. हे टेशनावर गप्पा मारून राहिले होते. मी तीनदा डाळ गरम केली."

तिला जाऊन दोन वर्षं झाली. फोटो पुष्कळ आहेत, पण त्यांत ती बोलत नाही. तुझा राग आला, लपवत नाही. पण तिचं नाव घालायचं मला अकरा वर्षांत सुचलं नाही, त्याचा जास्त आला.

हरिदास

हैदराबाद
९ मार्च

ती. मामास सविनय जयभीम.

सहा दिवस धड झोपले नाही. हलवाहलवीच्या आधी उतरवलेली जुन्या ब्लॉगची फाइल शेवटी विराजच्या लॅपटॉपवर सापडली. नवरा पसारा आवरत नाही म्हणून मी रोज भांडते, आता काही दिवस गप्प बसेन. दोनशे चौदाही प्रतिक्रिया आता मामीच्या, 'भीमाबाई' या नावानं घातल्या आहेत.

एक अडचण आहे. नव्या नावाची प्रतिक्रिया मालकाच्या मंजुरीवाचून दिसत नाही. वर 'सर्व मंजूर' असं बटण आहे, ते एकदा दाबा. मला माफ करा, मामा.

अपर्णा

रायपूर
१७ मार्च

चि. अपर्णास अनेक आशीर्वाद आणि जयभीम.

ते बटण मी दाबलं नाही. एवढ्या वर्षांत भीमाबाईनं माझी मंजुरी कधी मागितली नाही, आता रोज एक देतो. दुपारी डबा आला की बसतो, एकच वाचतो. दिवाळीपर्यंत पुरेल.

तुझ्यावरचा राग गेला. विराजला म्हणावं, पसारा असाच राहू दे.

आज निघाली ती प्रतिक्रिया लेखाबद्दल नव्हतीच. ती बोलली आणि मी वेड्यासारखं तेही टाइप केलं होतं, "बस झालं लिहिणं. पोळ्या थंड होऊन राहिल्या. उठा."

मंजूर केली, आणि गरम आहे तोवर जेवायला उठलो.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा मामा,
हरिदास